उरलेले महिने

आपला पगार चुकलाय हे कळल्यावर हेरवाडकर बाईंना आधी आनंदच झाला. नवी प्रणाली चुकली! शिरोलीच्या त्या ओतकाम कारखान्यात पगार करण्यात बाईंची उभी हयात गेली होती. आणि मालकांनी आर्थिक वर्ष ऐन मध्यावर असताना, ऑक्टोबरात, पगाराचं सॉफ्टवेअर बदलायचा घाट घातला होता. अर्ध्या पंगतीत आचारी बदलावा तसा.

रीत अशी, की जुनी आणि नवी प्रणाली महिनाभर जोडीनं चालवायची आणि दोघींचे आकडे रोज ताडून पाहायचे. फरक शून्य आला की जुनीला निरोप. साऱ्या कारखान्यात फरक निघाला तो एकाच नावापुढे. नवीनं बाईंचा मार्चपर्यंतचा सगळा प्राप्तिकर एकाच महिन्यात कापला होता. हातात उरत होतं ते वीजबिल आणि मांजराच्या दुधापुरतं.

"तुमचं यंत्र येडं झालंय," त्या रेवती सबनीसला म्हणाल्या. रेवती ही प्रणाली बसवायला पुण्याहून आली होती.

"येडं नाही हो बाई. जुनी समजते, सगळे मार्चपर्यंत इथंच आहेत. म्हणून कर सारखा वाटते. ही मुक्काम-अंदाज काढते, कोण अजून किती महिने राहील त्याचा. माणूस मध्येच गेलं तर कर कुणाकडून कापायचा? म्हणून जायच्या आत कापून घेते." रेवतीनं पडद्यावर बोट ठेवलं. "हे बघा. उरलेले महिने: एक. गुपचूप राजीनामा देताय की काय?"

"मी? आणि जाऊ कुठं?"

रेवती हसली, मग बाईंचा चेहरा बघून थांबली. "गेटवरचा कॅमेरा चाल बघतो, गळ्यातलं ओळखपत्र आवाज ऐकतं. त्यावरून ठरतं. नोकरी सोडणं काय, आजारपण काय, त्याहून वाईट काय, तिला सगळं सारखंच. पगार थांबणार, एवढंच कळतं. पण मी पाहिलंय, ज्यांचं बोलणं आटतं त्यांचा आकडा आधी उतरतो. तुम्ही दिवसभरात बोलता कुणाशी?"

"तुमच्याशी बोलतेय की."

"मी शनिवारी परत जातेय, बाई."

डॉक्टरांनी बाईंना ठणठणीत ठरवलं आणि त्याचेही पैसे घेतले. राहता राहिला तो आकडा. हातानं एकाचे सहा करणं बाईंच्या अधिकारात होतं. पण ताळा जुळावा म्हणून त्यांनी आजवर कधी आकडा खोडला नव्हता. आता स्वतःसाठी खोडायचा?

त्यांच्या पहिल्या साहेबांनी एक नियम घालून दिला होता: कुणाचा पगार किती, हे ज्याला ठाऊक, त्यानं कुणाच्या डब्यात हात घालू नये. बाईंनी तो इतका पाळला की साहेब वारल्यावरही त्या आपल्या कामाच्या टेबलावरच, भिंतीकडे तोंड करून जेवत. घरीही समोर भिंतच होती; फक्त रंग वेगळा.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन त्या कारखान्याच्या खाणावळीत गेल्या. साचे करणाऱ्या बायकांची कुजबुज थांबली.

"अगं बया, पगारच आला की पंगतीला!" सुशाबाई लोहार म्हणाल्या. "वाढायला आलाय का कापायला?"

"माझाच कापलाय," बाई म्हणून गेल्या.

बायका अशा हसल्या की बाईंनाही हसू फुटलं. घसा खरखरला, बरेच दिवस न उघडलेल्या कपाटासारखा.

"बसा की. भाकरी मोडा. ठेचा जपून बरं का, तो कुणाचं ऐकत न्हाई."

दुसऱ्या दिवशीच्या ताळ्यात बाईंच्या नावापुढे आलं: उरलेले महिने: दोन. पगारवाढीच्या पत्रानंही त्या कधी इतक्या सुखावल्या नव्हत्या. शनिवारी आकडा तीनवर गेला. रेवतीनं निघताना अंगठा वर करून दाखवला.

त्या दुपारी हात धुवायच्या आधी बाईंनी पडदा पाहिला, आणि मगच डबा उचलला. हे त्यांचं त्यांनाच खटकलं.

जेवण आटोपल्यावर सुशाबाईंनी विचारलं, "सोमवारी येणार न्हवं? तुमच्यासाठी आंबील आणते."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं, परत उघडलं. आपण येतो ते या बायकांसाठी, की त्या आकड्यासाठी? सुशाबाई उत्तराची वाट बघत होत्या. गळ्यातलं ओळखपत्रही ऐकत होतं. त्याला तरी हा फरक कळत असेल का?