कळंबाचं देवक

तो कागद उलटा धरून उभा होता आणि वर ऐटीत विचारत होता, "मॅडम, हे वाचायला किती वेळ लागंल?"

उत्कर्षा खैरेनं मान वर केली. इंदापुरातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात कोपऱ्यातल्या टेबलावर तिचं बस्तान होतं. पुण्याला जाऊन मोडी शिकून आलेली पोरगी. लोकांना जुन्या कागदांतनं पणजोबा-खापरपणजोबा शोधून द्यायची. गिऱ्हाइकांची रीघ असायची, पण कुणाकडं बघताना तिचं ओळीवरलं बोट कधी घसरलं नव्हतं. आज घसरलं.

"सरळ धरलात तर लवकर होईल," ती म्हणाली.

त्यानं कागद फिरवला, निरखला, पुन्हा फिरवला. "मला दोन्हीकडून सारखाच दिसतोय."

"मग तुमचे पूर्वज इतका वेळ खाली डोकं वर पाय करून उभे होते म्हणा की!"

तो असा खळखळून हसला की झेरॉक्सवाल्यानंही मशीन थांबवून वळून बघितलं.

त्याचं नाव ऋषिराज डाळजकर. नोकरी बारामतीच्या एमआयडीसीत, घर वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये. वडील सर्जेराव कंपनीतनं रिटायर झाले होते, आता क्वार्टर सोडायचं होतं. तेव्हापासून त्यांनी एकच ध्यास घेतला होता, आपलं मूळ शोधायचा. ऋषिराजचे आजोबा कंपनीत लागले तेव्हा कारकुनानं आडनाव विचारलं, यांनी गाव सांगितलं आणि तेच चिकटलं. खरं आडनाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ऋषिराजचे पणजोबा रामहरी, राहणार डाळज... एवढीच काय ती पुंजी.

"आबा म्हणत्यात, क्वार्टर सोडल्यावर कुठल्या मातीचं म्हणवून घ्यायचं?" हे सांगताना त्याचा आवाज उतरला. बापाच्या एका प्रश्नापायी सुट्टी टाकून आलेला हा पोरगा उत्कर्षाला तिथंच आवडला.

"डाळज तर माझंच गाव हाय," ती म्हणाली. "शोधू की!"

काम दोन दिवसांचं, पण चाललं दोन महिने. आता कागदच जीर्ण, अक्षरच किरटं, त्याला ती तरी काय करणार! दर शनिवारी तो एखादा कागद घेऊन यायचा, चहा मागवायचा आणि कागदाकडं सोडून सगळीकडं बघायचा. म्हणजे तिच्याकडंच.

एका शनिवारी डाळजला दप्तर बघून दोघं उजनीच्या पाण्याकाठी जेवायला बसले. लांब उथळ पाण्यात रोहित पक्षी चरत होते. ऋषिराजनं माशाचे काटे एकेक करून काढले आणि तुकडा अलगद तिच्या ताटात सरकवला.

"सगळ्या गिऱ्हाइकांबरोबर जेवता तुमी?" त्यानं विचारलं.

"न्हाय. काटे काढून देणाऱ्याबरोबरच."

त्याचे कान लाल झाले. त्या दिवसापासून 'तुमी'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

आणि पुढच्याच शनिवारी ती ओळ सापडली. गावच्या जुन्या नोंदीत लिहिलं होतं, संतू खैरे, मुलगे दोन, केरबा आणि रामहरी.

उत्कर्षानं ती ओळ पुन्हा वाचली. केरबा तिचा पणजोबा. म्हणजे दोघं एकाच भावकीतले, नात्यानं बहीण-भाऊ! लग्नाचं नाव काढायची सोय राहिली नाही.

"सापडलं?" ऋषिराजनं वाकून विचारलं.

त्याला मोडीतला म सुद्धा कळत नव्हता. दुसरं कुठलंही नाव तिनं वाचलं असतं, तरी त्यानं मान डोलावली असती. दोन क्षण... फक्त दोनच क्षण तिचे ओठ मिटलेले राहिले. मग तिनं आहे तेच वाचलं.

"आबांना लई आनंद होईल," तो म्हणाला आणि चहा तसाच ठेवून निघून गेला.

आठ दिवसांनी सर्जेरावांचा फोन आला. पुतणीला बघायचं होतं त्यांना! वंशावळीचा कागद घेऊन उत्कर्षा वालचंदनगरला गेली, पण जीव कशातच नव्हता. ऋषिराज दाराला टेकून उभा होता, वर बघतच नव्हता. सर्जेरावांना मात्र आभाळ ठेंगणं झालं होतं.

"आता ऋषीच्या लग्नाला सगळी भावकी बोलवायची! देवकाला कळंबाची फांदी डाळजातनंच आणू."

"कळंब?" उत्कर्षा चमकली. "काका, आमा खैऱ्यांचं देवक उंबर हाय."

"छ्या! आमचं कळंबच. माझ्या लग्नात फांदी मिळंना, तर आईनं सगळं वऱ्हाड ताटकळत ठेवलं हुतं."

उत्कर्षा उभीच राहिली. गाव सुटतं, आडनाव बदलतं, पण बापाकडून आलेलं कुळाचं देवक कुणी बदलत नाही. उंबरवाल्या बापाचा लेक कळंब कसा पुजेल?

"काका, येते मी," म्हणत ती निघालीसुद्धा.

साऱ्या तालुक्याचे कागद वाचले, पण घरच्या माळ्यावरची पत्र्याची पेटी बाईंनी कधी उघडली नव्हती! त्या पेटीत खापरपणजोबा संतूचं वाटणीपत्र निघालं. 'मुलगी कुशाबाई व घरजावई रामहरी शिवबा कदम, मूळ राहणार नरसिंहपूर, यांस विहिरीकडील तुकडा.' घरजावई संतूच्याच घरात राहायचा, म्हणून नोंद करणाऱ्यानं त्याला सरळ मुलांत धरलं होतं. उत्कर्षा पेटीशेजारीच बसून रडली, मग हसली, मग तोंड धुऊन एसटी पकडली.

ऋषिराज क्वार्टरच्या अंगणात सामानाची खोकी बांधत होता. तिनं एका दमात सगळं सांगितलं. त्याच्या हातातली सुतळी तशीच लोंबत राहिली.

"खरं वाचतीयास ना?"

"त्या दिवशी खोटं वाचलं असतं, तर तुला कळलं असतं व्हय? तरी वाचलं का खोटं?"

"न्हाय," तो हळूच म्हणाला. "आठ दिवस तुला ताई म्हणायचा सराव करत हुतो, उत्कर्षा. एकदाबी जमलं न्हाय. लई आवडतीस तू मला."

"मग बोलला का न्हाईस?"

"दोन महिनं कागद काय उगंच आणत हुतो?"

ती हसली आणि डोळे पुन्हा भरून आले. "मलाबी तूच पायजेस. आणि ऐक... खैऱ्यांचं घर म्हंजे तुमच्या कुशाबाईचं माहेर. मी तुझ्या मामाच्या घरातली पोर लागते, समजलं?"

आवाज ऐकून सर्जेराव बाहेर आले. तिनं त्यांना तो कागद वाचून दाखवला. कदम, नरसिंहपूर... त्यांनी ते दोन शब्द पुन्हा वाचायला लावले आणि डोळ्यांवरून उपरणं फिरवलं. मग एकदम त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे पोरी, तू माझी पुतणी न्हाईस?"

"न्हाय, आबा," ऋषिराज मध्येच म्हणाला. "पुतणी गेली. सून चालंल का?"

सर्जेरावांनी एकदा लेकाकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि पायांत चपला सरकवल्या.

"खोकी ऱ्हाऊ दे ती," ते म्हणाले. "आधी डाळजला चल, हिच्या घरी."