आमरीचे दोन कंद

"साहेब, पाय उचला... तो न्हाय. डावा."

येडशीच्या रामलिंगाच्या रानात भागवतची आणि माझी ओळख झाली ती अशी. तो वनरक्षक, मी एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी रानातली आमरी, म्हणजे जमिनीत कंद धरणारं ऑर्किड, शोधत येरमाळ्याहून आलेली. त्याच्या बुटाखालून पांढऱ्या फुलांचा एक तुरा हळूच सरळ झाला.

"एवढुशा फुलासाठी सरकारी माणसाला एका पायावर उभं करता व्हय?"

"शोभतंय की तुम्हाला."

तो हसला आणि लगेच ओशाळला... हसायची मुभा नसल्यासारखा. नंतर कळलं, मागच्या साली त्याची बायको गेली होती.

मी येत राहिले. तो काठीनं ओलं गवत बाजूला सारत पुढं चालायचा, मागून माझी बडबड.

"आमरीचं बी म्हणजे नुसती धूळ. जवळ शिदोरीच नसते त्याच्या. मातीतल्या बुरशीनं घास भरवला तरच रुजतं."

"न्हाय भरवला तर?"

"तर न्हाय."

त्यानं डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढं केली.

भादवा सरत आला, फुलं सुकली. रविवारी सोलापूरचं स्थळ मला बघायला येणार होतं. मी ते त्याला सांगितलं, आणि तो काही बोलेल म्हणून थांबले... तो खाली बघत राहिला. आदल्या पावसानं माती वाहून आमरीचे दोन कंद उघडे पडले होते. एक सुरकुतलेला, एक टपोरा, पांढरा.

"हा मेला काय?"

"ह्या वर्षीचं फूल त्यानंच पोसलं. रिकामा झाला आता. दुसरा पुढच्या पावसाळ्यासाठी."

तो उकिडवा बसला. ओंजळीनं माती आणून दोन्ही कंदांवर घालू लागला.

"निकिता, मन बसलंय तुमच्यावर. खोटं न्हाय बोलणार. पण घरात तिची साडी अजून दोरीवरच हाय... मला काढवत न्हाय. तुम्हाला थांबा म्हणू कुठल्या तोंडानं?"

आभाळ भरून आलं होतं. मीही माती लोटू लागले.

"कधी कधी आमरी दोन-दोन पावसाळे वर येतच नाही," मी म्हणाले. "लोकांना वाटतं, गेली."

"आणि ती?"

"आत असते."

चिखलात आमची बोटं एकमेकांना लागली. त्यानं काढून घेतली नाहीत.

"रविवारी... घरी काय सांगाल?"

"सांगेन, माणूस बघून ठेवलाय. अजून वर आलेला न्हाय."