गार झालेला चहा

बत्तीस जणांना पैकीच्या पैकी — आणि एकाला शून्य.

निकाल बघून मी आधी हुरळलेच. तिसरीच्या वर्गासाठी मी पहिल्यांदाच संगणकावर सराव बनवला होता. उलटसुलट आलेली सहा वाक्यं माऊसनं ओढून नीट क्रमानं लावायची, एवढंच. मग वेळेचा रकाना पाहिला. चार सेकंद. पाच सेकंद. पुन्हा चार. एवढ्यात तर आमच्या वर्गाचं नाकही पुसून होत नाही!

तणतणत संगणकाच्या खोलीत गेले. तिथले सर गळ्यात माऊसची वायर अडकवून फिरतात, म्हणून पोरं त्यांना वायरसर म्हणतात. तोवर आमची ओळख जिन्यातल्या ‘नमस्कार’पुरतीच.

“सर, तुमचं हे यंत्र बिघडलंय.”

“यंत्र नाही, बाई.” पडद्यावरच्या एका रिकाम्या चौकटीवर त्यांनी बोट ठेवलं. “‘वाक्यं मिसळा’वर खूण करायची राहिली. पोरांना सगळं आधीच ओळीत लावलेलं दिसलं. त्यांनी आपलं ‘झालं’ दाबलं आणि मोकळी झाली.”

माझे कान तापले. “आणि हे शून्यवालं ध्यान कोण?”

“मीच.” ते ओशाळं हसले. “मुलांच्या आधी मी करून बघतो. मी वाक्यं वाचत बसलो ना... तिथंच फसलो.”

उतारा होता ‘आईची सकाळ’. आई उठते, पाणी तापवते, मुलीला अंघोळ घालते, तिची वेणी घालते, तिला शाळेच्या गाडीत बसवते — आणि सगळ्यात शेवटी, ‘गार झालेला चहा आई उभ्याउभ्या पिते.’ हे शेवटचं वाक्य त्यांनी उचलून वर नेलं होतं. थेट ‘आई उठते’च्या खाली.

“अहो, उठल्याउठल्या चहा गार कसा होईल?”

“म्हणून तर शून्य मिळालं.” मग जरा थांबून, हळूच — “धड्यातल्या आया असा चहा पीत नाहीत, बाई. हा कुणाचा तरी खरा आहे.”

मी उगाच खिडकीची कडी लावत राहिले. ती आधीच लागलेली होती.

त्यानंतर दर शुक्रवारी माझा नवा सराव आधी ते सोडवायचे, आणि मी शेजारच्या स्टुलावर.

“तुमची वाक्यं फार शिस्तीची हो. एखादं तरी पळू द्या.”

“तुम्ही आहात की पळवायला.”

बोलून गेले आणि जीभ चावली. ते मात्र दिवसभर शीळ घालत होते, असं पोरांनी सांगितलं.

मग एका शुक्रवारी, वायर बोटाभोवती गुंडाळत, सोडवत, पुन्हा गुंडाळत... “रविवारी बागेत याल? दोघी?”

दोघी म्हणजे मी आणि माझी चिमणी. चार वर्षांची आहे. तिचे बाबा वारले तेव्हा जेमतेम दहा महिन्यांची होती.

“सर... तेव्हा कोण गेलं ते तिला कळलं नाही. आता कुणी येऊन गेलं, तर कळेल.”

त्यांनी वायर बोटावरून सोडवली. “चिमणीच्या आधी मला नंबर नकोय,” ते म्हणाले. “तुमच्या चहाच्या वेळेला आलो तरी पुरे. आणि पुन्हा विचारणार नाही. तुम्हाला वाटलं, तर सांगा.”

मी वह्या उचलून निघून आले. रविवारी बागेकडे फिरकलेही नाही.

सोमवारी चिमणीला बूट घातले, गाडी यायला पाच मिनिटं होती, ओट्यापाशी कप तोंडाला लावला. दारातून ती टक लावून बघत होती.

“आई, खुर्ची तुला टोचते का गं?”

“नाही गं. का?”

“मग बसत का नाहीस?”

मी तिचं दप्तर उचललं.

मधल्या सुट्टीत ‘आईची सकाळ’ उघडली. तो सराव पुन्हा घ्यायचा राहिलाच होता. ‘वाक्यं मिसळा’वर खूण केली. शेवटच्या वाक्यातले चार शब्द खोडले, दोन लिहिले. खाली एक बटण होतं, ‘आणखी एक बरोबर उत्तर जोडा’. त्याच्यावर बोट बराच वेळ नुसतं टेकून होतं. मग दाबलं.

“सर, जरा करून बघता?”

ते बसले. वाक्यं ओढता ओढता एका वाक्यापाशी हात थबकला. माझ्याकडे न बघता त्यांनी ते वर नेलं, ‘आई उठते’च्या खाली. पडद्यावर हिरवी खूण उमटली.

“‘आई बसून चहा पिते,’” त्यांनी वाचलं. “बसून?”

“बसून.”

“एकटीच?”

“ते उताऱ्यात दिलेलं नाही, सर.”

“मग उत्तर कुठं शोधायचं?”

पडद्याकडेच बघत मी म्हणाले, “आई सहाला उठते. चिमणी... साडेसहाला.”

गळ्यातली वायर काढून त्यांनी टेबलावर ठेवली.

“आणि ती लवकर उठली तर?”

“तर काय...” आता मात्र मी त्यांच्याकडे बघितलं. “येताना दूध जरा जास्त आणा.”