डीच्या पाठीवरचं पोतं

मले बोर्ड रंगवता येते, सातवीच्या पुढचं काही येत नाही. इतवारीच्या बाजारात दुकान आहे आपलं. एका दुपारी एक पोरगी गल्लीत स्कूटी आडवी लावून आत आली. मागं हमाल ओरडून राहिले, हिचं लक्षच नाही!

"पेंटरभाऊ, शिवणक्लासचा बोर्ड पाहिजे. रविवारी उद्घाटन आहे."

कागदावर इंग्रजीत होतं — मेघा स्कूल ऑफ फॅशन अँड डिझाइन.

"प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल, बाकी स्मॉल. 'ऑफ' अन् 'अँड' मात्र पूर्ण स्मॉल."

"सगळंच कॅपिटल करू ना मॅडम. लांबून वाचता येते."

"लांबून ओरडल्यासारखं वाटते!"

"मंग मराठीत करा. तिथं लहान-मोठ्याची भानगडच नाही."

ती हसली... पण हटली नाही.

आता खरं सांगतो. स्मॉलमधले बी अन् डी मले उलटसुलट व्हायचे. आजवर कॅपिटलवरच निभावलं होतं.

शनिवारी ती आली. बोर्डाकडं पाहिलं, मंग माह्याकडं. 'अँड'च्या डीचा बी झाला होता. हसली असती ना, तर मी शटरच पाडलं असतं.

तिनं खडू उचलला. "हे पाहा. बी म्हणजे पंगतीतून उठलेला माणूस, पोट समोर. अन् डी म्हणजे तुमच्या गल्लीतला हमाल, पोतं पाठीवर."

बोर्ड सुधारला, रविवारी लागलाही. तरी ती येतच राहिली. कधी वेळापत्रकाचं हेडिंग, कधी नुसतीच... 'पेंटरभाऊ'तला भाऊ कधी गळला, समजलंच नाही.

मंग एक दिवस हिंमत केली. फळीवर इंग्रजीत लिहिलं — मेघा वेड्स अंकुश. मेघा ती, अंकुश मी. मधला शब्द पूर्ण स्मॉल, तिच्याच नियमानं.

तिनं मधल्या शब्दावर बोट ठेवलं.

"चुकलं."

"डी तर बरोबर आहे वं!"

"डी बरोबर आहे. पण हा काय 'ऑफ', 'अँड'सारखा शब्द आहे? एवढी मोठी गोष्ट अन् स्मॉल काहून लिहिली?"

माह्या हातातला ब्रश घेतला अन् तिनं असा दणदणीत डब्ल्यू काढला, का रंग ओघळून फळीच्या खालपर्यंत आला.

तो ओघळ मी पुसला नाही. लग्नाच्या मंडपात दारावर तीच फळी होती. गल्लीतले सारे हमाल आले होते, पंगतीले.

लांबून वाचता येत होतं.