भिंगरावची कपची

बसा, आणि आधी ते मोबाइलचे दिवे बंद करा. कोण किती घाबरलंय ते मला अंधारातही कळतं.

ही गोष्ट माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाची. दगड तपासायच्या प्रयोगशाळेत होतो आम्ही. पुलाला, रस्त्याला कुठला दगड चालेल ते सांगायचं, हे आमचं काम. हा गडी गळ्यात कायम भिंग अडकवून फिरायचा, अगदी जेवतानासुद्धा. म्हणून त्याचं नाव भिंगराव. हुशार, पण एक नंबरचा हेकट. नवीन कोणी आला की पहिल्याच दिवशी बजावायचा, "दगडाच्या वरच्या अंगावर विश्वास ठेवायचा नाही. ऊन-पाऊस खाऊन ते खोटं बोलायला शिकतं. फोडायचा, आतली बाजू बघायची, मगच नाव घ्यायचं." एवढं ध्यानात ठेवा.

सात वर्षं झाली. नोव्हेंबरची एकोणीस तारीख, गुरुवार.

भिंगरावची धाकटी बहीण शहराच्या टोकाला नव्या घरात राहायला गेली होती. मागच्या बागेत कपडे वाळत घालायला खांब रोवायचा म्हणून तिच्या नवऱ्यानं खड्डा खणला, त्यात एक दगड निघाला. काळसर, गुळगुळीत, तान्ह्या मुलाच्या डोक्याएवढा. त्यांची सात वर्षांची चिमी तो धुऊनपुसून घरात घेऊन आली. त्या दिवसापासून पोर गार पडायला लागली. म्हणजे उलटा तापच म्हणा ना. अंग रोज थोडं जास्त थंड. दोन डॉक्टर झाले, रक्त तपासून झालं. म्हणे, सगळं ठीक आहे. नवव्या दिवशी बहीण तो दगड पिशवीत घालून थेट आमच्या कचेरीत आली.

"दादा, यात काही विषारी नाही ना रे? तेवढं बघ. माझा जीव थाऱ्यावर नाही."

"आज रात्रीपर्यंत सांगतो," भिंगराव म्हणाला. "तू घरी जा, पोरीजवळ बस."

तो दगड मी हातात घेतलाय. ऐकीव सांगत नाही. कोमट होता. मी म्हटलंसुद्धा, "उन्हात ठेवला होता काय?" पण दिवसभर ऊन नव्हतंच. साडेसातला मी घरी गेलो. पुढचं मला भिंगरावनं सांगितलं, आणि त्याला थापा मारता यायच्या नाहीत. रजेच्या अर्जातसुद्धा खरं कारण लिहायचा बिचारा.

तर हा एकटाच बसला. दगड खरखरीत टाइलवर घासला. रेघ उमटली नाही. खिळ्यानं ओरखडला. चरा नाही. आम्लाचा थेंब टाकला. फेस नाही. भिंग लावलं, तर आत कण दिसेनात. तीस वर्षांत पहिल्यांदा त्याला दगडाचं नाव सुचेना, आणि इथे भाचीचा प्रश्न. मग त्यानं तेच केलं जे तो आम्हाला शिकवायचा.

हातोडी घेतली.

पहिला घाव वाया गेला. दुसरा कडेला बसला. नखाएवढी कपची उडाली. त्यानं दगड दिव्याखाली धरला. फुटलेली जागा फिकी होती... आणि ओलसर.

फोन वाजला. नऊ वाजून वीस मिनिटं.

"दादा... चिमी झोपेत किंचाळली रे. तिच्या कपाळावर..."

"पडली का?"

"नाही. अंथरुणातच होती. रक्त नाही, खोक नाही. नुसता खळगा पडलाय. नखाएवढा."

भिंगरावनं दगड फिरवून फुटलेली जागा पुन्हा बघितली.

"दादा? ऐकतोयस ना?"

"...अंग कसं आहे तिचं?"

"बर्फ झालीय."

त्यानं दगडावर हात ठेवला. मघाशी कोमट होता. आता निवत चालला होता.

"मी येतो," एवढंच म्हणाला.

स्वेटर काढून दगड त्यात गुंडाळला. स्कूटर काढली. अकरा किलोमीटर. मोकळा रस्ता, गार वारा. निम्म्या वाटेत त्यानं चाचपलं. गार. तो थांबला. शर्टाची बटणं सोडली आणि दगड उघड्या छातीशी धरला. एका हातानं स्कूटर, एका हातानं दगड. आणि बोलत राहिला. दगडाशी. "झोपू नकोस हं. आलोच. मामा चुकला गं. झोपू नकोस..."

हे सांगताना तो रडला होता माझ्यासमोर. मीही रडलो. लाज कसली त्यात.

दहाला पोचला. घराचं दार सताड उघडं. आत कोणी नाही.

मागे गेला. बागेत. खड्ड्याच्या काठाशी चिमी उभी. अनवाणी. आई-बाप दोन हातांवर, पण पुढे पाऊल टाकवत नव्हतं त्यांना.

चिमीनं ओंजळ पुढे केली.

त्यानं दगड दिला. एवढा जड. तिनं कापसासारखा धरला. खड्ड्यात उतरली. ठेवला. मग थोडा फिरवला, फुटकी बाजू वर.

"इथे माती नको, मामा," ती म्हणाली. "इथे दुखतंय."

...

तिघांनी हातांनी माती लोटली. ती जागा सोडून. पोर तिथेच मामाच्या खांद्यावर झोपली. पहाटे तिचं अंग तुमच्या-माझ्यासारखं झालं. खळगा मात्र अजून आहे. चौदा वर्षांची झाली, केस कपाळावर घेते.

कपची टेबलाखाली सापडली. मीच शोधून दिली. आठवड्यानं भिंगराव ती परत ठेवायला गेला. खड्डा कमरेइतका उकरला. दगड नव्हता.

तेव्हापासून कपची त्याच्या शर्टाच्या आतल्या खिशात. मागच्या वर्षी तो गेला. जायच्या आदल्या दिवशी माझ्या हातात दिली. म्हणाला, "गार पडू देऊ नकोस."

ही बघ. हात कर पुढे.

कोमट आहे ना?

काय म्हणालास? माझ्या खिशात असते म्हणून? शहाणा आहेस. मलाही तेच वाटायचं. ठीक आहे, तूच बघ करून. आज रात्रभर बाहेर ठेव, उघड्यावर. सकाळी सगळ्यांना कळेल.

ठेवतोस?

...

नाही ना. मग आण इकडे. मूठ मिटून आण.