लपवलेलं थेट विमान

तो पहिल्यांदा आला तो चष्म्याचं दुकान विचारायला. पण विमान तिकिटांच्या ऑफिसात काउंटरमागून तिने वर पाहिलं, आणि स्वारी भलतंच विचारून बसली, "समुद्रापलीकडच्या विमानतळावर पोचायला... किती वेळ लागतो हो?"

त्याच्या नखांत काळं वंगण होतं, म्हणून तिने मनातल्या मनात त्याचं नाव ठेवलं – गॅरेजवाले!

दुसऱ्या दिवशी कळलं, तीन महिन्यांच्या प्रशिक्षणाला जायचंय. आवडलं तर तिथेच कायमची नोकरी. तिने कॅलेंडरवर तीन महिने मोजले. कोण कुठला माणूस, कालची ओळख – आणि महिने मोजावेत?

तिकडे थेट विमान होतं, अकरा तासांत पोचवणारं. ते तिने दाखवलंच नाही.

"दोनदा विमान बदलावं लागेल. एकूण एकतीस तास," ती साळसूदपणे म्हणाली.

"बापरे! विचार करावा लागेल."

विचार करायला तो रोज येऊ लागला. ती रोज आणखी लांबचा मार्ग शोधून ठेवू लागली.

"अंतर तरी किती आहे?" त्याने एकदा विचारलं.

"सरळ गेलात तर नऊ हजार किलोमीटर. या मार्गाने... चौदा."

"अर्धं जग बघून होईल की!"

"मग जाऊच नका..." तिच्या तोंडून निसटलं. "म्हणजे – घाई करू नका."

तो गालात हसला. पाऊस थांबला होता, तरी तो छत्री उघडून गेला.

पण शनिवारी घात झाला. ऑफिस तिच्या ताईचं. ताई मागून येऊन कॉम्प्युटरच्या पडद्यावर वाकली. "अगं, इतके तास काय? थेट विमान आहे ना रोज सकाळी!"

धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. "ताई, ते... माझ्या लक्षातच..."

"मला माहीत आहे ते विमान," तो शांतपणे म्हणाला. "रोज मीच तपासतो. चाकं, ब्रेक, सगळं."

"म्हणजे तुमचं गॅरेज...?"

"कसलं गॅरेज? विमानतळावर मेकॅनिक आहे मी."

"मग रोज इथे का यायचात?"

"तुम्ही लपवत का होतात?"

तिचे कान तापले. मग ती सरळच बोलली, "तुम्ही जाऊ नये असं वाटत होतं. अजूनही वाटतंय."

"शिकायला जायलाच हवं," तो म्हणाला. "पण परतीचं तिकीट आधी काढा."

"आणि तिथे आवडलं तर?"

"मला आवडलेलं इथे आहे... काउंटरमागे."

तिने कीबोर्ड ओढला. आधी परतीची तारीख भरली. "येताना साडेनऊच तास लागतात," ती हळूच म्हणाली. "वारा पाठीशी असतो."

"वारा नसला तरी येईन."

ताईने उगाचच प्रिंटरमध्ये कागद भरायला घेतले. तो आधीच भरलेला होता.