एक्केचाळीस नंबरची फेरी

शनिवारी संध्याकाळी पावणेपाचच्या सुमाराला ओपल नुड्सन ट्रॅकवर गेली ती एक खोका आणायला. काम एवढंच होतं. सोमवारी फेऱ्या मोजण्याचा मनोरा पाडणार होते, आणि त्यातले जुने कागद गावच्या वाचनालयाला हवे होते. केलर्सबर्ग स्पीडवेचा इतिहास लिहायला घेतला होता ओपलच्या नातीनं, ब्रिननं.

"आजी, तुझ्या हातचे फेऱ्यांचे सगळे तक्ते आण," ब्रिननं सकाळी फोनवर बजावलं होतं. "बाबांच्या शेवटच्या शर्यतीचा तर नक्की आण. तो मी भिंतीवर लावणार आहे."

"बघते, सापडला तर," ओपल म्हणाली होती.

सापडणार हे तिला ठाऊक होतं. तो ब्रिनच्या आधी आपल्या हाती लागावा आणि चुलीत जावा, एवढ्यासाठीच बहात्तराव्या वर्षी गुडघे चोळत ती तिथं गेली होती.

फाटकापाशी ऑर्विलचा पाण्याचा ट्रक उभा होता. ऑर्विल तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. पन्नास वर्षं तो ट्रॅकच्या मातीवर पाणी मारत आला होता. ट्रॅक चिकणमातीचा. शर्यतीआधी भिजवायचा, मग गाड्या सावकाश फिरवून माती दाबून घ्यायची, म्हणजे सारवलेल्या अंगणासारखा तुळतुळीत होतो. पण शेवटची शर्यत होऊन तीन वर्षं झाली होती.

"अरे ऑर्विल, तुला काही उद्योग नाही का? कुणासाठी भिजवतोस?"

"ये गं बाई. तुझ्या लग्नाची वरात काढायचीय इथून," ऑर्विल हसला. मग टोपी मागं सारून म्हणाला, "नाही भिजवला तर धूळ उठते."

"वाऱ्यानं?"

"वारा नसला तरी." त्यानं ट्रॅककडं पाहिलं नाही. "शनिवारची... आणि मी नुसतं पाणी मारतो हं ओपल. माती दाबत नाही."

ओपलनं पाहिलं. ओल्या काळ्या मातीत आतल्या कडेनं एक पट्टा आरशासारखा दाबून गुळगुळीत झाला होता. म्हाताऱ्याला भ्रम झालाय, स्वतःच ट्रक फिरवतो आणि विसरतो, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

"थांबतोस ना? खोका उचलायला लागेल."

"जातोय कुठं. पाचला ब्रिनची शर्यत आहे हॉलिसला. रेडिओवर ऐकतो इथंच बसून." ऑर्विलनं बटण फिरवलं. "नंबर बदलायला लावलास की नाही पोरीला?"

ओपल मनोऱ्याकडं चालू लागली. तोच तर भांडणाचा विषय होता. मेलेल्या माणसाचा नंबर पुन्हा कुणाला द्यायचा नाही, हा इथला नियम. मनोऱ्याखाली फळीवर रंगवलं होतं: '४१. कर्ट नुड्सन. आता कुणाचा नाही.' पण हा नियम फाटकाच्या आत. नदीपलीकडच्या हॉलिसला त्याचं काय! दोन वर्षांपूर्वी ब्रिननं पिवळीधमक गाडी घेतली आणि तिच्या दारावर काळ्या रंगात काढलं, एक्केचाळीस. ओपल पाया पडायची बाकी राहिली होती. "बाबांचं माझ्याकडं एवढंच आहे गं आजी," असं ती पोर म्हणाली, आणि ओपलनं हट्ट सोडला. बाप गेला तेव्हा ब्रिन दोन वर्षांची होती.

मनोरा म्हणजे लाकडी खांबांवरची एक खोली. एकेकाळी याच वाटोळ्या मैदानात जत्रेतले घोडे पळायचे. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या पोरांनी घोडे हाकलले आणि मोडक्या फोर्ड गाड्या आणल्या. मग दर शनिवारी सगळं गाव घोंगड्या घेऊन कडेच्या बाकांवर. मक्याचा भाव पडला, रेल्वे बंद झाली, शाळा शेजारच्या गावात गेली, तरी शनिवार चुकला नाही. आता गावच नावापुरतं उरलं होतं, तर ट्रॅक कुठून उरणार?

त्या खोलीत ओपल सव्वीस वर्षं बसली. कोणती गाडी रेषा ओलांडते ते पाहायचं आणि त्या फेरीच्या रकान्यात तिचा नंबर लिहायचा. शेवटची फेरी उरली की खाली झेंडेवाल्याला ओरडून सांगायचं. तो मान वर करून हिच्या शब्दाची वाट पाहायचा. जिनं तिला हे काम शिकवलं त्या बाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "माणूस बघायचा नाही. नंबर बघायचा. माणूस बघितलास की चुकलीस."

आणि ती चुकली होती. तीस वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये. जोडीनं मोजणारी बाई बाळंत झालेली, म्हणून ओपल एकटीच. पंचवीस फेऱ्यांची शर्यत. सतराव्या फेरीला कर्टची लाल गाडी वळणावर आडवी होत होत सावरली, आणि त्यानं बिनकाचेच्या खिडकीतून आईकडं पाहून दात काढले. ओपलनं त्याचा चेहरा पाहिला, पाहतच राहिली, आणि त्याची ती फेरी लिहायची राहून गेली. कर्ट सगळ्यांच्या पुढं होता, म्हणून फेऱ्या त्याच्याच नंबरावरून मोजायच्या; त्याची पंचविसावी तिनं चोविसावी म्हणून मोजली. शर्यत एक फेरी जास्त पळाली. त्या जास्तीच्या फेरीत, तिसऱ्या वळणावर, कर्ट गेला. लाल झेंडा दाखवून सगळ्या गाड्या जागच्या जागी थांबवल्या. शर्यत संपल्याचा चौकटीचा झेंडा त्या शर्यतीला दाखवलाच गेला नाही. त्या आकांतात फेऱ्या मोजायला कोण बसतंय? ओपलनं रात्री मोजल्या. त्यानंतर ती सुखानं झोपली अशी एकही रात्र नव्हती.

दार ढकलल्यावर उंदरांच्या लेंड्यांचा आणि जुन्या कागदांचा वास आला. त्याच्या खाली आणखी एक वास होता, जळक्या तेलाचा, ताजा. खोका टेबलाखाली होता. तक्ता वरच सापडला. सतराव्या रकान्यात एक्केचाळीस नव्हतं. तिनं कागदाची घडी घातली, आणि त्याच्या मागं लिहिलेलं तिला दिसलं.

४१. ४१. ४१. ४१.

मागची बाजू भरली होती. पुढचा कागद, त्याच्या पुढचा, सबंध खोका. दुसरा नंबरच नाही. अक्षर तिचं होतं, डोक्यावर मिटलेला तो चारचा आकडा गावात तिच्याशिवाय कुणी काढत नसे. शेवटच्या कागदावर बोट फिरवलं तर पेन्सिलीची काळी भुकटी बोटाला लागली.

तेवढ्यात खालून आवाज गेला. गाडीचा. डावीकडून उजवीकडं, जवळ आला, खिडकीच्या काचा थरथरल्या, लांब गेला. ट्रॅकवर काही नव्हतं. तिनं कागदाकडं पाहिलं. एक ४१ वाढला होता.

ती घाबरली, पण भीतीहून मोठं काहीतरी तिच्या ध्यानात आलं. तीस वर्षं. पोर तीस वर्षं फिरतंय. शर्यत संपलीय असं त्याला कुणी सांगितलंच नाही. आणि सांगायचं काम माझं होतं.

चौकटीचा झेंडा भिंतीला खिळ्यावर होता. तो घेऊन ती जिना उतरली आणि रेषेवरच्या झेंडेवाल्याच्या फळीवर चढली. ऊन कललं होतं, पण स्वच्छ उजेड होता. फाटकाकडून ऑर्विलच्या रेडिओची कुजबुज येत होती. आवाज पुन्हा वळणावर आला. कर्टचं इंजिन खोकत चालायचं, हे सुतासारखं सरळ चाललं होतं. तिच्या कानांना ते कळलं... पण तिनं मनाला दटावलं. या खेपेला चुकायचं नाही. नंबर बघायचा.

ओल्या मातीवर वाफेसारखं काहीतरी धावत आलं आणि त्यात निमिषभर दिसला, काळा, ठळक, एक्केचाळीस. ओपलनं दोन्ही हातांनी झेंडा हलवला. जीव खाऊन हलवला.

आवाज उतरला. मंद झाला. थांबला.

"सुटलास रे बाळा," ती म्हणाली आणि फळीवरच बसून हमसून हमसून रडली. इतक्या वर्षांत असं मोकळं रडणं तिला आलं नव्हतं.

ऑर्विल ट्रॅक ओलांडून लंगडत येत होता. टोपी हातात होती.

"ओपल..." तो खाली उभा राहिला. "रेडिओवर... हॉलिसहून."

"काय?"

"अकरावी फेरी चालली होती. ब्रिन पुढं होती. सरळ पट्ट्यावर तिनं एकदम वेग सोडून दिला. थांबवलीच गं. मागच्यांना काय कल्पना... चारपाच गाड्या..."

"ब्रिन कशी आहे?"

ऑर्विल टोपी चुरगाळत राहिला. "तो रेडिओवाला सारखा तेच सांगतोय. तिनं हात बाहेर काढून उंच केला होता म्हणे. शर्यत जिंकल्यावर करतात तसा... ओपल, तुझ्या हातात काय आहे?"

ओपलला तेव्हा आठवलं की नंबराभोवतीचा रंग पिवळा होता. पाहिला होता तिनं. पण रंग बघायचा नसतो.

तिनं झेंडा खाली ठेवला. ऑर्विल काहीबाही बोलत होता, गाडी काढतो, हॉलिसला जाऊ, चल. ती ऐकत होती, पण त्याचं नव्हे. तिसऱ्या वळणाकडून खोकत खोकत एक इंजिन येत होतं. आणि त्याला लागून, सुतासारखं सरळ, दुसरं.

"तुला येतंय ऐकू?" तिनं विचारलं.

ऑर्विलनं मान हलवली नाही, आणि ट्रॅककडं पाहिलंही नाही. "पाणी कमी पडलं आज," तो पुटपुटला. "धूळ उठतेय."

ओपल कठड्याला धरून पुन्हा जिना चढली. टेबलावर कोरा कागद होता आणि शेजारी पेन्सिल, टोक काढून ठेवलेली. काचा थरथरल्या. ती खुर्चीत बसली आणि पहिल्या रकान्यात तिनं एक्केचाळीस लिहिलं, आणि त्याच रकान्यात, त्याखाली, पुन्हा एक्केचाळीस.